हाका

नायगावची आमची चाळ पुनर्विकासात निघाली आणि खोली रिकामी करायची पाळी आली. दहा बाय सोळाची खोली. तीन पिढ्या तिच्यात जन्मल्या, भांडल्या, मेल्या. माळ्यावरून काय काय निघालं. आज्याचा गिरणीतला पितळी बिल्ला. काच तडकलेली बाबासाहेबांची तसबीर. आजीची ट्रंक. आणि ट्रंकेत लुगड्यांच्या खाली एक पत्र्याचा डबा, वीतभर उंच, बूड पार चेपलेलं. आजी त्यात बटणं ठेवायची. मी तो भंगारात टाकायला निघालो तर बाप म्हणाला, ठेव तो. तो हाक्याचा डबा हाय.

तेव्हा मला आठवलं. लहानपणी आजी सांगायची, माझा बापूस वाघाच्या पुढं डबा वाजवायचा. मला वाटायचं तिचा बाप सर्कशीत होता. चाळीतल्या पोरांना मी ते ऐटीत सांगायचो. कुणी मला दुरुस्त केलं नाही. आजीनंही नाही. तिला माझी ऐट मोडायची नसेल.

आजीचं माहेर मुरूडच्या बाजूचं. म्हणजे जंजिरा संस्थानातलं. तिथं फणसाड नावाचं जंगल आहे, तिचा बाप त्या रानात हाका घालायला जायचा. हाका म्हणजे काय हे शहरातल्या दोस्तांसाठी सांगतो. बडा माणूस शिकारीला यायचा. तो रानात चालत फिरायचा नाही. पाण्याच्या किंवा वाटेच्या तोंडाला मचाण बांधायचे, तिथं तो बंदूक घेऊन बसायचा. रानाच्या दुसऱ्या अंगाला माणसांची रांग उभी करायची. काठ्या, डबे, ढोल घेऊन. इशारा झाला की रांगेनं आरडाओरडा करत, झाडं बडवत पुढं सरकायचं. जनावर दचकून उठतं, आवाजापासून पळतं, आणि पळत पळत मचाणापाशी जातं. तिथं बार उडतो. फोटोत बंदूकवाला आणि मेलेलं जनावर. रांगेतला माणूस फोटोत नसतो. आणि एखादं जनावर पुढं पळायच्या ऐवजी मागं फिरलं, तर ते कुणाच्या अंगावर येणार? बंदुकीच्या नव्हे. डब्याच्या.

मी भिवंडीत लूमवर काम करतो. आज्या परळच्या गिरणीत रिंगखात्यात होता. विणाईखात्यात आपल्या माणसाला शिरकाव नव्हता, कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं आणि आपल्या तोंडानं सूत विटाळायचं. तेच सूत पुढं कापड होऊन त्यांच्या देवाच्या अंगावर चढलं तर चालायचं. 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. आज धोटा माझ्या हातात आहे, पण गिरण्या गेल्या. गिरणगावात राहायचं आणि लूमसाठी भिवंडी गाठायची. असो. तो वेगळा लेख होईल.

सुट्टीला जोडून एक खाडा केला आणि डबा पिशवीत घालून परळहून मुरूडची एस्टी पकडली. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग. अलिबागच्या आधी चरी गाव लागतं त्या भागातून गाडी जाते तेव्हा मी खिडकीशी सरसावून बसलो. 1933 ते 1939, सहा वर्षं इथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटलांचा संप. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले, 1937 साली कायदेमंडळात खोती नष्ट करायचं बिल मांडलं, आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चानं गेले. महार, आगरी, कुणबी एका रांगेत. ती पण रांगच. पण त्या रांगेच्या पुढं जनावर पळत नव्हतं.

पुढं रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळावचा पूल, आणि मग डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र. हा मुलूख पूर्वी हबसाण म्हणून ओळखला जायचा. हबशांचा मुलूख.

आजीचा धाकटा भाऊ अजून आहे. बापाचा मामा, म्हणून घरादाराचाच मामा. वय नव्वदीला टेकलेलं, पाठ ताठ. विहाराच्या ओट्यावर बसले होते. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, जय भीम घाल, पाया नको पडू. मी डबा काढून पुढं धरला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला.

"हा बापसाचा. माझा वेगला व्हता, बारका."

"मामा, तुम्ही पण जायचात हाक्याला?"

"आठ-नऊ वर्साचा आसन. पोरांना कडंला लावायचं. मोठ्यांना मधी."

"पैसे?"

मामा हसले. "गावकीचं काम त्ये. पैसा कसला? येळंला तांदूल. डुक्कर पडला तर आतडी-पाय आमाला."

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन सुपेगावला गेलो. अभयारण्यात शिरायचं तिथून. मी म्हटलं, मामा, चालवेल का? ते म्हणाले, "या रानात मी पलालोय. आता चालायला काय व्हतंय?"

फणसाडबद्दल जे जे म्हणून मी वाचलं, त्यात एक वाक्य हमखास भेटलं. हे जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. वाक्य तिथंच संपतं. पुढं लगेच झाडांची आणि फुलपाखरांची नावं सुरू होतात. 1948 साली संस्थान विलीन झालं, 1986 साली रान अभयारण्य झालं. पन्नासेक चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. मुंबईपासून एका दिवसाच्या वाटेवर इतकं जुनं, इतकं दाट रान टिकलं याचं कारण तेच एक वाक्य सांगतं. नबाबानं राखलं म्हणून टिकलं. कुणासाठी राखलं, कुणापासून राखलं, आणि कुणाच्या पायांनी राखलं, एवढं विचारायचं राहून जातं.

वाटाड्या म्हणून एक पोरगा मिळाला. कातकरी. माझ्याहून लहान. त्याच्या वाडीनं 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा भरलाय म्हणाला. त्याला झाडं अशी ठाऊक जशी मला सुताची नंबरं. ऐन दाखवला, खोडाची साल सुसरीच्या पाठीसारखी. किंजळ, हिरडा, जांभूळ, अंजनी. फेब्रुवारी होता, ऐनाची पानं गळत होती, पायाखाली पापडासारखी मोडत होती. पण ओढ्याच्या बाजूला अजून काळोख होता. तिथं त्यानं गारंबी दाखवली.

ती वेल आहे यावर माझा विश्वास बसेना. माणसाच्या मांडीएवढं खोड, पीळ घातलेलं, जसं गिरणीतल्या जाड दोराला घालतात. एका झाडावरून चढलेली, दुसऱ्यावर गेलेली, तिथून तिसऱ्यावर, कुठं सुरू झाली आणि कुठं संपली कळत नाही. शेंगा माणसाच्या हाताहून लांब. खाली तिच्या बिया पडल्या होत्या, चपट्या, तांबड्या, तळहातात गच्च बसणाऱ्या. मी एक उचलली. पोरगा म्हणाला, इथलं काही न्यायचं नसतं. मी परत ठेवली. मामा म्हणाले, "बरोबर हाय त्याचा. आमी पण कदी कायच नेलं नाय इथून. फकस्त आणलं. डबं."

मला लाज वाटते लिहायला, पण लिहितो. तासभर मी सगळं विसरलो. नबाब, हाका, आजी, सगळं. अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. लूमवर बारा तास उभं राहणाऱ्याच्या कानात रात्री झोपेतही खटखट चालूच असते. ती तिथं थांबली. डोक्यावर शेकरू होतं, तांबूस, शेपटी अंगाहून मोठी. या झाडावरून त्या झाडावर गेलं तेव्हा नुसती पानं हलली. मला वाटलं, हे बघायला आपली पोरं इथं यायला पाहिजेत. नायगावची, वरळीची, माटुंगा लेबर कॅम्पची. आपल्या वस्तीत झाड म्हणजे पिंपळ, तोही भिंतीतून आलेला. जंगल हा आपला विषय नाही असं आपणच ठरवून टाकलंय. निसर्गाची कविता ती पांढरपेशांची, असं मीही एका मेळाव्यात बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या.

फणसाडात पाणी असतं त्या जागांना गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी नावं. उन्हाळ्यातही काही गाणींचं पाणी आटत नाही. आम्ही एका गाणीपाशी पोचलो. छोटीशी जागा. डबक्याच्या काठचा चिखल खुरांनी तुडवलेला. मामा थांबले. इकडं तिकडं बघितलं. मग समोरच्या उतारावर बोट केलं.

"तिथं मचाण. आनि त्या खिंडीतून आमी यायचं."

मी विचारलं, तहान लागली तर?

"हितंच प्यायचं. बार झाल्यावर. समद्यांनी. जनावरानं प्यायलेलं पानी, त्येच आमी प्यायचं." मग जरा थांबून म्हणाले, "गावच्या इहिरीवर पोरग्याला चढू देत नव्हतं. हितं कुनी नाय बोलायचं. रानात इटाल नाय."

दोस्तांनो, मी हे वाक्य तसंच लिहून ठेवलंय. मुंबई इलाख्यात बोले ठराव 1923 साली झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. दादरच्या एस. के. बोले रोडवरून आपण रोज जातो, त्यांचाच तो ठराव. 1927 च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. महाड इथून काही दूर नाही. पण महाड इंग्रजी मुलखात, मुरूड संस्थानात. कायदा सरहद्दीशी थांबायचा. विटाळ थांबायचा नाही. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना तो सारखाच नांदत होता. आणि या रानात मात्र, जिथं बिबट्या आणि भेकर एका काठाला तोंड लावत होते, तिथं माझा पणजा पालथा पडून पोटभर पाणी पीत होता. वेठीला आलेला माणूस तेवढ्या एका जागी माणसात, म्हणजे जनावरात, जमा होत होता.

वाटाड्या पोरगा म्हणाला, आता गप्प बसा, दिसलं तर दिसेल. आम्ही झाडाला टेकून बसलो. अर्धा तास. मुंग्या चावल्या. मग पलीकडच्या झुडपातून एक भेकर बाहेर आलं. तांबूस, बोकडाएवढं, कपाळावर काळ्या रेघा. पुढचा पाय उचलून उभं राहिलं. आमच्याकडं बघितलं, का वाऱ्याकडं, कुणास ठाऊक. मग मान खाली घालून प्यायला लागलं. पाण्याचा लपलप आवाज आला. दोन मिनिटं असेल. पाचोळा वाजला आणि गेलं.

मामांच्या डोळ्यात पाणी होतं. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

"भेकरू एवढं बघितलं, पर त्याचा त्वांड आज बघितला. आमाला नेमी पाठच दिसायची."

यावर मी काय लिहू? मी तीन वेळा कविता करायचा प्रयत्न केला. जमत नाही. म्हणून हा लेख.

परतताना एक गंमत झाली. पोरगा सांगत होता की इथं गिधाडं आहेत, देशभर ती मरून गेली, गुरांना टोचायच्या एका औषधामुळं. मेलेल्या गुराच्या मांसात ते औषध उरायचं आणि खाणारं गिधाड मरायचं. डायक्लोफेनॅक. गुरांसाठी त्याच्यावर 2006 साली बंदी आली. म्हणून इथं मेलेली गुरं आणून टाकायची सोय केली होती, गिधाडांना खायला. मामा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे मेल्याली गुरं वडायचा काम?" पोरगा म्हणाला, हां. मामा म्हणाले, "आमी बाबासायबाच्या सांगन्यावरून सोडला. सरकारनं धरला व्हय!" आणि असे हसले की खोकला लागला. आम्ही तिघंही हसलो. महाडला 1927 साली बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका म्हणून सांगितलं, ते या माणसाच्या बापानं ऐकलं होतं. गाव काय म्हणालं, किती दिवस बहिष्कार झाला, ते मामा हसता हसता सांगत होते.

गिधाडं जगोत. माझं काही म्हणणं नाही. ओढणाऱ्याला पगार मिळो एवढंच.

संध्याकाळी मुरूडला आलो. गावाच्या अलीकडं, अलिबागच्या रस्त्यावर, समुद्राच्या वर टेकाडावर नबाबाचा राजवाडा आहे. अहमदगंज. नबाब सिद्दी अहमदखान यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला. खासगी मालमत्ता आहे, आत जाता येत नाही. फाटकापासून कमानी दिसतात, घुमट दिसतात, आणि पाठीमागं सगळा समुद्र. जागा निवडावी तर अशी. मामा म्हणाले, ते आत गेलेले आहेत. एकदा. मागच्या अंगानं, डुक्कर खांद्यावर घेतलेल्या माणसांच्या पाठोपाठ. आत काय होतं विचारलं तर म्हणाले, "फरशी. पाय भाजत नव्हतं."

फाटकाबाहेर उभा राहून मी जो विचार केला तो नीट मांडता येतो का बघतो, कारण याच्यावर आपल्यात वाद होणार आहे आणि व्हायला पाहिजे.

हा नबाब कोण? सिद्दी. हबशी. आफ्रिकेतून, अ‍ॅबिसिनियाच्या बाजूनं, यांचे पूर्वज गुलाम म्हणून, शिपाई म्हणून, खलाशी म्हणून दख्खनेत आले. बाजारात विकली गेलेली माणसं. त्यांच्यातलाच मलिक अंबर. सुमारे 1548 चा जन्म, इथिओपियाचा पोर, या हातातून त्या हातात विकला गेला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हातात घेऊन मोगलांना त्यानं जेरीस आणलं. 1626 ला मेला तो वजीर म्हणून. आणि हे जंजिऱ्याचे सिद्दी. समुद्रातला तो किल्ला आधी कोळ्यांचा होता म्हणतात. सिद्द्यांनी घेतला तो शिवाजी महाराजांना मिळाला नाही, संभाजीराजांना मिळाला नाही, पेशव्यांना मिळाला नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नायगावच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात टेबलावर मूठ आपटली होती. शेजारचा म्हातारा दचकला. काळा माणूस, गुलाम माणूस, आणि त्याचं राज्य! मी त्या रात्री सिद्दीवर कविता लिहिली. काळ्या दगडाचा किल्ला, काळ्या हातांचा, वगैरे. छापूनही आली.

आता त्याच सिद्दीच्या राज्यात माझा पणजा डबा वाजवत बिबट्याच्या तोंडी जात होता.

मग माझी कविता खोटी का? मी तिथं उभा राहून ठरवलं की कविता खोटी नाही, अर्धी आहे. गुलाम गादीवर बसला म्हणून गुलामी उठत नाही. गादी तशीच राहते, हाका तसाच राहतो, फक्त मचाणावरचा माणूस बदलतो. मलिक अंबराचं मोठेपण मला आजही वाटतं. पण मोठेपण एकट्या माणसाचं होतं. त्याच्या मागं विकले गेलेले हजारो तसेच राहिले. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलात सिद्दी लोक आजही मजुरी करून राहतात, 2003 साली त्यांना अनुसूचित जमातीत घेतलं. तेही सिद्दीच. त्यांना कुठला राजवाडा? आपल्यातल्या ज्या पोरांना वाटतं की आपला माणूस खुर्चीवर बसला की झालं, त्यांनी एकदा मुरूडला जाऊन यावं. एस्टीनं स्वस्तात होतं.

आणि दुसरी बाजू. हे लिहिलं की लगेच काही जण खूश होणार. बघा, मुसलमान नबाबानं कसं राबवलं. त्यांना सांगतो, खूश होऊ नका. मामांना मी मुद्दाम विचारलं होतं, बोलवायला कोण यायचं? नबाबाला आमच्या वाड्याचा रस्ता ठाऊक नव्हता. बोलवायला येणारा गावचाच होता, देवळात पहिला मान असलेला. रांगेत कोण मधे आणि कोण कडेला हे त्यानंच ठरवायचं. विहिरीवर चढू न देणारे तेच. वतनाच्या नावाखाली वेठ घेणारे तेच, मग वर राज्य इंग्रजाचं असो, संस्थानिकाचं असो. महारवतन गेलं ते 1958 च्या कायद्यानं, आणि तेही सुखासुखी नाही. 1927 च्या डिसेंबरात महाडला परिषदेला जागा द्यायला एकही हिंदू मालक तयार नव्हता. जागा दिली ती एका मुसलमानानं, फत्तेखान त्यांचं नाव. हे आपण विसरायचं नाही.

इंग्रजांच्या देशात तरी काय वेगळं होतं? तिथंही जुनी रानं टिकली ती राजांच्या शिकारीपायी. विल्यम राजानं 1079 च्या सुमारास एक मोठा मुलूख शिकारीसाठी राखला, त्याला आजही न्यू फॉरेस्ट म्हणतात. हजार वर्षं झाली तरी नवंच. 1723 साली तिथं कायदा झाला, तोंडाला काळं फासून रानात हरीण मारायला शिरलेल्या गरिबाला फाशी. काळं तोंड हा गुन्हा! त्या देशातल्या समुद्राकाठच्या काही हवेल्या आफ्रिकेतून गुलाम नेऊन पिकवलेल्या साखरेच्या पैशावर उभ्या आहेत. तिथं आफ्रिकेचा माणूस हवेलीच्या पायात गाडला गेला, इथं तो हवेलीत बसला. पायात मग आम्ही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते आणि ती मला रात्रभर टोचत होती. नबाबानं रान राखलं नसतं तर? बाकी कोकणातल्या डोंगरांचं काय झालं ते एस्टीच्या खिडकीतून दिसतं. बोडके. ती झाडं कोळसा होऊन गलबतांतून मुंबईला गेली. मुंबईच्या चुलीत जळली. त्या चुली कुणाच्या? गिरणगावच्याही. माझी आजी जिच्यावर भाकरी भाजायची ती शेगडी कोळशाचीच होती. म्हणजे तिचा बाप ज्या रानात पळत होता तसल्याच दुसऱ्या रानाचा कोळसा ती नायगावात फुंकत होती. मी नबाबाला धन्यवाद देणार नाही. पण गारंबीला हात लावून आलोय, ती उभी आहे याचा आनंद खोटा होता असंही म्हणणार नाही. ज्याला याचा हिशेब लागेल त्यानं मला समजावून सांगावा.

अंधार पडायच्या आधी मामांना किनाऱ्यावर घेऊन बसलो. समोर पद्मदुर्ग. पोरं क्रिकेट खेळत होती. मामांना मी बोटीची गोष्ट सांगितली. 1927 च्या डिसेंबरात बाबासाहेब मुंबईहून महाडला निघाले ते रस्त्यानं नाही, समुद्रानं. पद्मावती बोटीनं. दासगावला उतरले आणि तिथून महाडपर्यंत माणसं चालत गेली. बाणकोटच्या खाडीकडं जाणारी बोट याच पाण्यातून, या किनाऱ्यासमोरून गेली असणार. वर राजवाड्यात दिवे लागले असतील. मागं रानात कुणीतरी डबे घासून ठेवत असेल उद्याच्या हाक्यासाठी. बोटीवर शेकडो माणसं, जयजयकार करत. मनुस्मृती जळायला एक दिवस उरलेला. मामा समुद्राकडं बघत राहिले. म्हणाले, "बापसानं बगितली आसंल का रं?"

मला सांगता आलं नाही.

रात्री विहारात कंदिलाएवढ्या उजेडात (वीज गेली होती) मी वही काढली. म्हटलं, मामा, रांगेत कोण कोण असायचं, नावं सांगा. जंगलाच्या त्या एका वाक्यापुढं आपण दुसरं वाक्य लिहू. मामांनी डोळे मिटले. उजवीकडून सुरुवात केली. म्हणजे ते पुन्हा रांगेत उभे राहिले आणि शेजारी शेजारी बघत गेले. महार, कातकरी, एक धनगर. एकाच्या मांडीला डुकरानं फाडलं होतं, तो पुढं लंगडतच राहिला. एक मचाणाच्या बाजूला चुकून गेला आणि छर्रा लागला. अकरा नावं झाली. बहुतेक टोपणनावंच, आडनाव कुणाला होतं? कागद मी विहारातल्या फलकावर लावून आलोय. खाली मोकळी जागा सोडलीय.

ज्यांच्या घरी असे म्हातारे आहेत, मुरूड, रोहा, अलिबागच्या बाजूचे, किंवा दुसऱ्या कुठल्याही शिकारीच्या रानाजवळचे, त्यांनी नावं विचारून घ्यावीत आणि या अंकाच्या पत्त्यावर पोस्टकार्डानं कळवावीत. वेळ थोडा आहे. मामांना बाराव्याचं नाव आठवेना. फार वेळ त्यांनी डोळे मिटून ठेवले. मग म्हणाले, नाव नाय येत. बापसाच्या डाव्या हाताला उभा राहायचा. आवाज लय मोठा होता त्याचा.